पीसीवर रेड उभारताना: डिस्क बंद पडेल त्या दिवसाची तयारी आधीच करा

हार्ड डिस्क कधी ना कधी बंद पडतेच. दोन किंवा जास्त डिस्क जोडून त्यांचा एकच साठा करायचा आणि त्यातली एखादी गेली तरी काम थांबू द्यायचं नाही, एवढंच रेडचं म्हणणं आहे. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या बर्कलीच्या संशोधकांनी १९८८ साली ही कल्पना या नावानं मांडली. तेव्हा हा मोठ्या सर्व्हरचा विषय होता. आज साध्या पीसीवर डिस्कखेरीज एक पैसाही जास्त न मोजता रेड करता येतं, कारण लागणारं सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्समध्ये आधीपासूनच असतं.

रेड उभारायला तासभर पुरतो. लोक अडकतात ते नंतर, डिस्क गेल्यावर. संदेश आलेला नसतो, चारपैकी कोणती गेली ते बाहेरून ओळखता येत नाही आणि घाईत चांगली डिस्क उपसली जाते. म्हणून खालची प्रत्येक पायरी तो दिवस डोळ्यासमोर ठेवून सांगितली आहे.

आधी बॅकअप, मग रेड

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. फाइल चुकून डिलीट झाली तर ती सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी जाते. रॅन्समवेअर आलं तर आरशातली प्रतही लॉक होते. पॉवर सप्लाय बिघडला तर एका कॅबिनेटमधल्या सगळ्या डिस्क एकदम जाऊ शकतात, आणि चोरीला तर अख्खा पीसीच जातो. यातल्या कशापासूनही रेड वाचवत नाही. ते वाचवतं फक्त एका गोष्टीपासून: एखादी डिस्क निकामी झाली म्हणून काम बंद पडण्यापासून.

म्हणून तुमच्याकडे दोनच डिस्क असतील आणि बॅकअप कुठेही नसेल, तर रेड करूच नका. एक डिस्क पीसीत ठेवा, दुसरी बाहेरून जोडून तिच्यावर नियमित बॅकअप घ्या आणि एरवी ती काढून ठेवा. तिसरी डिस्क घेता येईल तेव्हा रेडचा विचार करा.

कोणती पातळी निवडायची

रेड ० मध्ये माहितीचे तुकडे करून ते दोन डिस्कवर आलटून पालटून लिहितात. वेग वाढतो, दोन्ही डिस्कची पूर्ण जागा मिळते, पण एक डिस्क गेली की सगळं गेलं. व्हिडिओ एडिटिंगच्या तात्पुरत्या फाइलींसाठी ते ठीक आहे, बाकी कशासाठीही नाही.

रेड १ म्हणजे आरसा: दोन डिस्कवर तीच माहिती. ४ टीबीच्या दोन डिस्क लावल्या की वापरायला ४ टीबी मिळतात. (ऑपरेटिंग सिस्टिमनं १०२४च्या पटीत मोजलं तर तोच आकडा ३.६४ दिसतो. जागा कुठे गायब झालेली नसते.) नवख्यानं इथूनच सुरुवात करावी. समजायला सोपं, दुरुस्तीला सोपं, आणि अगदी वाईट वेळी एकच डिस्क दुसऱ्या मशीनला लावूनही माहिती काढता येते.

रेड ५ ला किमान तीन डिस्क लागतात आणि एका डिस्कइतकी जागा पॅरिटीत जाते. पॅरिटी म्हणजे काय ते एका बिटावर पाहा. पहिल्या डिस्कवर १ आहे, दुसरीवर ०. दोन्ही वेगळे आहेत म्हणून तिसरीवर १ लिहितात. सारखे असते तर ० लिहिलं असतं. आता दुसरी डिस्क मेली. पहिलीवर १, पॅरिटी १, म्हणजे दोन्ही सारखे, म्हणजे हरवलेला बिट ०. संपूर्ण डिस्क अशीच बिटागणिक परत काढली जाते, आणि त्यासाठी उरलेल्या प्रत्येक डिस्कचा प्रत्येक कोपरा वाचावा लागतो.

रेड ५ ची दुखरी नस नेमकी इथे आहे. अनेक साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की १ वर १४ शून्यं इतके बिट वाचताना जास्तीत जास्त एखादं सेक्टर (डिस्कवरचा माहितीचा छोटा कप्पा) वाचता न येण्याची चूक होऊ शकते. तेवढे बिट म्हणजे साडेबारा टीबी. ८ टीबीच्या चार डिस्कचं रेड ५ असेल आणि एक गेली, तर उरलेल्या तिघींचे मिळून २४ टीबी वाचायचे आहेत. प्रत्यक्षात डिस्क या आकड्यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, पण त्या वेळी हाताशी दुसरी प्रत नसते. शिवाय सरासरी १५० एमबी प्रतिसेकंद वेग धरला तरी ८ टीबीची डिस्क भरायला सुमारे १५ तास लागतात, आणि तेवढा वेळ जुन्या डिस्कवर सलग ताण असतो. मोठ्या डिस्कसाठी रेड ५ आम्ही सुचवत नाही.

चार डिस्क असतील तर रेड ६ (दोन डिस्कइतकी पॅरिटी) किंवा रेड १० (आरशाच्या दोन जोड्या, त्यांच्यात माहिती वाटलेली) घ्या. दोन्हीत निम्मी जागा मिळते. रेड ६ मध्ये कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं. रेड १० मध्ये एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर सगळं जातं, पण लिहिण्याचा वेग चांगला असतो आणि नवी डिस्क भरताना फक्त तिची जोडीदार वाचावी लागते.

डिस्क घेताना

सारख्या क्षमतेच्या घ्या. वेगवेगळ्या असतील तर सगळ्यात लहान डिस्कइतकीच जागा प्रत्येकीवर वापरली जाते. शक्य असेल तर एकाच खोक्यातल्या, सलग क्रमांकांच्या डिस्क टाळा. एकाच घाण्यातला दोष एकाच सुमारास बाहेर येऊ शकतो.

माहितीपत्रकात सीएमआर लिहिलंय की एसएमआर हे पाहिल्याशिवाय डिस्क घेऊ नका. एसएमआर डिस्कमध्ये चुंबकी पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. मधला एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, पण रेडमध्ये नवी डिस्क भरताना तासन्‌तास सलग लिहिणं चालतं, तेव्हा वेग कोसळतो आणि कधी कधी डिस्क उत्तर द्यायला इतका वेळ लावते की ती मेली असं समजून बाहेर टाकली जाते.

उशिरा उत्तर देण्याचा हाच प्रश्न साध्या डेस्कटॉप डिस्कमध्ये दुसऱ्या कारणानं येतो. खराब सेक्टर लागला की तो वाचण्यासाठी काही डिस्क मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ झटत बसतात. लिनक्स मात्र ३० सेकंदच थांबतो, मग जोडणी रीसेट करतो आणि एका सेक्टरपायी अख्खी डिस्क रेडमधून बाहेर पडू शकते. नासच्या (नेटवर्कवरून वापरायच्या साठवण पेटीच्या) किंवा सर्व्हरच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत ‘वाचता येत नाही’ असं सांगून मोकळ्या होतात, मग रेड ती माहिती दुसऱ्या डिस्कवरून आणून तिथे पुन्हा लिहितं. ही सोय एससीटी ईआरसी किंवा टीएलईआर या नावानं दिलेली असते. ती डिस्कमध्ये असेल तर स्मार्टसीटीएल या साधनानं तपासता आणि बदलताही येते. काही डिस्क वीज गेल्यावर हे सेटिंग विसरतात, त्यामुळे ते प्रत्येक बूटच्या वेळी लागेल अशी व्यवस्था करा.

जोडणी

मदरबोर्डचं मॅन्युअल उघडून साटा पोर्टचं (डिस्कची केबल जिथे लागते त्या जागेचं) पान वाचा. बऱ्याच बोर्डांवर विशिष्ट एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. ‘नवी डिस्क दिसतच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टच्या लाइनवर सुमारे २ अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या की क्षणभर शंभरेक वॉट लागतात. पॉवर सप्लाय निवडताना हे धरा. एका केबलला फाटे फोडत बसू नका, आणि मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या वीज कनेक्टरवरून) साटा करणारे प्लास्टिक ओतून बनवलेले स्वस्त कनेक्टर वापरू नका. आतल्या तारा सरकून शॉर्ट होतात आणि कनेक्टर वितळतो.

डिस्कसमोर पंखा हवाच. तापमान ४५ अंशांखाली राहिलं पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. प्रत्येक डिस्कच्या स्टिकरवर सिरियल नंबर असतो. कॅबिनेटमध्ये बसवल्यावर तो दिसत नाही. म्हणून बसवण्याआधी त्याचे शेवटचे चार आकडे कागदी पट्टीवर लिहून, झाकण उघडताच दिसेल अशा कडेला चिकटवा. ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देते, पण ती बूटगणिक बदलू शकतात. सिरियल नंबर बदलत नाही.

बसवून झालं की माहिती टाकण्याआधी प्रत्येक डिस्कची स्मार्ट दीर्घ चाचणी लावा. (स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ती सोय.) ४ टीबीला सात-आठ तास लागतात. मग क्रमांक ५, १९७ आणि १९८ हे आकडे पाहा: बदललेले सेक्टर, वाचायला अडलेले सेक्टर आणि न सुधारणारे सेक्टर. नव्या डिस्कवर तिन्हीकडे शून्यच हवं. नसेल तर डिस्क परत करा, ‘एकच तर आहे’ म्हणून ठेवू नका. १९९ हा आकडा वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देण्याआधी साटा केबल बदला. तो डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीतल्या चुका मोजतो.

बायोसमधलं रेड की सॉफ्टवेअरचं

मदरबोर्डच्या बायोसमध्ये रेडचा पर्याय दिसतो आणि तो हार्डवेअरचा वाटतो. तसा तो नसतो. खरं काम ड्रायव्हर आणि प्रोसेसरच करतात. बायोस अपडेट झालं किंवा बोर्डवरचा सेल संपला की सेटिंग पुन्हा एएचसीआयवर (रेड नसलेल्या साध्या जोडणीवर) जातं आणि ॲरे, म्हणजे जोडलेल्या डिस्कचा एकत्र साठा, गायब झाल्यासारखी दिसते. अशा वेळी विंडोजनं ‘डिस्क इनिशियलाइज करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि आधी बायोसमध्ये जाऊन सेटिंग पाहा. उलट बाजूनं, एएचसीआयवर विंडोज बसवलेलं असताना तयारी न करता तो पर्याय रेडवर बदलला तर विंडोज सुरू होताना निळा पडदा येतो. बोर्ड बदलला तर नवा बोर्ड जुनी ॲरे ओळखेलच असं नाही. विंडोज आणि लिनक्स दोन्हीतून एकच ॲरे हवी असेल तेवढ्यापुरता हा मार्ग, एरवी सॉफ्टवेअर रेडच बरं.

लिनक्सवर आरसा उभारणं

साधनाचं नाव एमडीॲडम. उबंटू, डेबियन, फेडोरा सगळीकडे मिळतं.

१. एलएसबीएलके या आज्ञेनं डिस्कची यादी काढा आणि तिच्यात मॉडेल व सिरियलचे रकाने मागा. चिकटवलेल्या पट्ट्यांशी ताडून पाहा. इथे चूक झाली तर भलतीच डिस्क पुसली जाईल.

२. दोन्ही डिस्कवर जीपीटी पद्धतीचं पार्टिशन टेबल करा. जुन्या एमबीआर पद्धतीत २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. प्रत्येक डिस्कवर एकच पार्टिशन करा, पण शेवटी १ जीबी मोकळा सोडा. उद्या दुसऱ्या कंपनीची डिस्क आणली आणि तिच्यात काही सेक्टर कमी निघाले, तर ‘डिस्क लहान आहे’ म्हणून ती नाकारली जाऊ नये यासाठी हा एक जीबी.

३. एमडीॲडमला क्रिएट हा पर्याय द्या आणि सांगा: ॲरेचं नाव, लेव्हल १, डिस्कची संख्या २, आणि दोन्ही पार्टिशनची नावं. या ॲरेवरून बूट होणं कठीण जाईल अशा अर्थाची सूचना येईल. ही माहिती साठवायची ॲरे आहे, बूटची नाही, तेव्हा होकार द्या.

४. प्रोक फोल्डरमधली एमडीस्टॅट फाइल वाचा. चौकटी कंसात दोन ‘यू’ म्हणजे दोन्ही डिस्क शाबूत. एका ‘यू’च्या जागी आडवी रेघ म्हणजे एक डिस्क नाही. खाली सिंक (डिस्क एकमेकींशी जुळवणं) किती टक्के झालं तेही दिसतं. सिंक चालू असताना ॲरे वापरता येते, थांबायची गरज नाही. रेड ५ केलं असेल तर सुरुवातीला शेवटच्या डिस्कच्या जागी रेघ दिसते आणि ती भरत असते. हे बिघाडाचं लक्षण नाही, एमडीॲडम रेड ५ असंच सुरू करतं.

५. ॲरेवर ईएक्सटी४ फाइलसिस्टिम करा. लक्षात ठेवा: फॉरमॅट ॲरेला करायचं, आतल्या डिस्कला नाही.

६. एमडीॲडमचं डिटेल आणि स्कॅन एकत्र वापरून मिळणारी ओळ त्याच्या कॉन्फ (सेटिंगच्या) फाइलमध्ये घाला आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइलसिस्टिम) नव्यानं बनवा. ही पायरी गाळली की पुढच्या बूटला ॲरे एमडी१२७ या अनोळखी नावानं येते आणि लोक घाबरतात. माहिती जागेवरच असते.

७. एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी काय कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) नोंद करताना नावाऐवजी यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा आणि नोफेल हा पर्याय जोडा. नाहीतर ॲरे जुळली नाही त्या दिवशी पीसीच सुरू होता होता अडकेल.

८. कॉन्फ फाइलमध्ये तुमचा ईमेल पत्ता घाला, मशीनवरून मेल बाहेर जाते याची सोय करा आणि मॉनिटरच्या टेस्ट पर्यायानं चाचणीचा संदेश पाठवून पाहा. संदेश खरोखर हातात पडेपर्यंत रेड पूर्ण झालं असं समजू नका. आरशातली एक डिस्क गेली तरी फाइली उघडतच राहतात, वेगही फारसा बदलत नाही. न कळता महिनोन्‌महिने एकाच डिस्कवर काम चालतं आणि मग दुसरी जाते.

विंडोजवर

विंडोज ८ पासून स्टोरेज स्पेसेस मिळतं. कंट्रोल पॅनेलमध्ये ते शोधा, नवा पूल (डिस्कचा एकत्र साठा) तयार करा आणि डिस्क निवडा. निवडलेल्या डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. मग प्रकार ठरवा: दोन प्रतींच्या आरशाला किमान दोन डिस्क, पॅरिटीला तीन, तीन प्रतींच्या आरशाला पाच. या पडद्यावरून केलेल्या पॅरिटीत लिहिण्याचा वेग फारच कमी मिळतो, तेव्हा आरसाच घ्या.

आकाराच्या रकान्यात विंडोज प्रत्यक्षापेक्षा मोठा आकडाही स्वीकारतं, पुढे डिस्क वाढवाल या हिशोबानं. तो मोह टाळा. पूल भरला की ड्राइव्ह एकदम ऑफलाइन होते.

सराव, मग माहिती

खरी माहिती टाकण्याआधी काही फाइली ठेवून पाहा, पीसी बंद करा, एका डिस्कची केबल काढा आणि पुन्हा सुरू करा. फाइली उघडतात का? ईमेल आला का? सिरियल नंबरवरून कोणती डिस्क नाही ते ओळखता आलं का? मग पुन्हा बंद करून केबल लावा आणि डिस्क ॲरेत परत घ्या. १०० जीबी किंवा मोठ्या ॲरेसाठी एमडीॲडम आपणहून बिटमॅप ठेवतं किंवा क्रिएटच्या वेळी ठेवायचा का ते विचारतं, तेव्हा होकार द्या. बिटमॅप म्हणजे कुठे काय बदललं याची नोंद. त्यामुळे रीॲड पर्यायानं परत घेतलेली डिस्क तेवढ्याच भागापुरती भरली जाते आणि काम मिनिटांत होतं.

डिस्क खरंच गेली तर

आधी बॅकअप ताजा करा. मग स्मार्टचे आकडे पाहून डिस्क खराब आहे की केबल ते ठरवा. डिस्क खराब असेल तर एमडीॲडमनं तिला फेल आणि मग रिमूव्ह करा, पीसी बंद करा, सिरियल नंबर पट्टीशी आणि स्टिकरशी ताडा, बदला, नव्या डिस्कवर तसंच पार्टिशन करून ॲड करा. भरून होईपर्यंत जड कामं टाळा.

डिस्क पूर्ण मेली नसेल, नुसती कुरकुरत असेल, आणि एखादा साटा पोर्ट मोकळा असेल तर याहून चांगला मार्ग आहे. नवी डिस्क आधी स्पेअर (राखीव) म्हणून जोडा आणि एमडीॲडमचा रिप्लेस पर्याय वापरा. जुनीवरची माहिती नवीवर जाईपर्यंत जुनी ॲरेतच राहते, त्यामुळे एक क्षणही तुम्ही उघड्यावर नसता.

ॲरे जुळत नसेल तर क्रिएट पुन्हा चालवू नका. इंटरनेटवर तसा सल्ला सापडतो. डिस्कचा क्रम, तुकड्याचा आकार किंवा सुरुवातीची जागा यांतलं एकही चुकलं तर सावरता आली असती ती माहिती कायमची जाते. असेम्बल आणि स्कॅन एवढंच करा. नाहीच जमलं तर एग्झॅमिन पर्यायानं प्रत्येक डिस्कवरची नोंद वाचून फाइलमध्ये साठवा आणि मग जाणकाराला दाखवा.

अधूनमधून

महिन्यातून एकदा संपूर्ण ॲरे वाचून तपासायला हवी. ज्या फाइली वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही त्यांच्याखालचा सेक्टर खराब झालेला असतो, आणि ते नेमकं दुसरी डिस्क भरताना कळतं. डेबियन आणि उबंटूवर ही तपासणी महिन्यातून एकदा आपोआप लागते. ती खरंच चालते का ते पाहून घ्या. अचानक वीज जाते तिथे यूपीएस लावा. रेड ५ आणि ६ मध्ये लिहिणं अर्धवट राहिलं तर पॅरिटी आणि माहिती जुळत नाही, आणि नंतर डिस्क गेली की त्या जागी चुकीची माहिती तयार होते.

जागा अपुरी पडू लागली की एकेक डिस्क मोठी घालत, दर वेळी पूर्ण भरू देत पुढे जा. सगळ्या बदलल्या की पार्टिशन नव्या आकाराची आहेत ना ते पाहून आधी ग्रो पर्यायानं ॲरे वाढवा, मग रीसाइज२एफएसनं फाइलसिस्टिम. पीसी बदलायचा असेल तर लिनक्सची ॲरे तशीच उचलून नव्या मशीनला लावता येते. डिस्क कोणत्या पोर्टला जोडल्या यानं फरक पडत नाही, कारण ॲरेची ओळख प्रत्येक डिस्कवरच लिहिलेली असते.